श्रवणाची नाडी



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत त्यांचे नाव माझ्या पाठीमागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. मी मात्र ते उच्चारणार नाही. आमच्या पिढीत गुरूचे नाव घेत नसत आणि सत्तरी उलटल्यावर ती सवय मोडावी असे मला वाटत नाही. शिवाय या सभागृहात ‘गुरुजी’ एवढे म्हटले तरी पुरेसे आहे.

व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एकाने मला दूरध्वनीवर हळूच विचारले, “सर, तारा म्हणजे रूपक ना?” मी म्हटले, “नाही, तारा म्हणजे तारा.” माझे सारे आयुष्य मराठी साहित्य शिकवण्यात गेले. पीएच.डी.चा प्रबंधही काव्यावरचा. तेव्हा एका ताऱ्याच्या भौतिक गुणधर्मांविषयी मी बोलावे हे अनेकांना चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. पण गुरुजींचे माझ्याकडे एक येणे आहे, आणि ते फेडायचे तर विषय हाच घ्यावा लागतो.

गोष्ट १९६३ सालची. मी सौंसरकडच्या खेड्यातला मुलगा, शिक्षणासाठी मामांकडे पांढुर्ण्याला राहत होतो. आठवीत होतो. मराठीचे शिक्षक रजेवर होते म्हणून विज्ञान शिकवणारे गुरुजी आमचा निबंधाचा तास घेत. ‘श्रावणातील रात्र’ असा विषय त्यांनी दिला. मी लिहिले, की आकाशातील श्रवणाचा तारा माणसाच्या काळजासारखा धडधडत असतो. त्याच्याकडे टक लावून पाहिले की त्याची नाडी चाललेली दिसते. त्या वाक्यावर मी स्वतःच खूश होतो. वही परत आली तेव्हा वाक्याखाली तांबडी रेघ होती आणि समासात लिहिलेले होते, ‘तारा लुकलुकतो, धडधडत नाही. लुकलुक हवेची. श्रवणाचे तेज स्वतःहून बदलते असा पुरावा आजवर तरी नाही.’

मला वाईट वाटले हे गुरुजींनी ओळखले असावे. त्या संध्याकाळी त्यांनी आम्हां चौघा मुलांना गावाबाहेर विटांच्या भट्टीपाशी नेले. भट्टी पेटलेली होती. “तिच्या माथ्यावरून पलीकडच्या झोपडीतला कंदील पाहा,” म्हणाले. कंदील थरथरत होता, नाचत होता. मग आम्हांला वीस-पंचवीस पावले बाजूला नेले. तिथून तोच कंदील अगदी स्थिर दिसत होता. “आता सांग बाळ, नाडी कोणाची चालत होती? कंदिलाची की भट्टीवरच्या हवेची?” मी गप्प राहिलो.

हा श्रवणाचा तारा म्हणजे पाश्चात्त्यांचा अल्टेअर. गरुड या तारकासमूहातील सर्वांत तेजस्वी तारा. आपल्या सत्तावीस नक्षत्रांपैकी श्रवण नक्षत्राचा तो योगतारा. ज्या पौर्णिमेला चंद्र या नक्षत्रात असतो तो महिना श्रावण, हे आपण सारे जाणतो. मात्र एक गंमत पुष्कळांना ठाऊक नसते. हा तारा क्रांतिवृत्ताच्या सुमारे २९ अंश उत्तरेला आहे आणि चंद्र क्रांतिवृत्तापासून पाचेक अंशांपलीकडे कधी जात नाही. म्हणजे ज्या ताऱ्याचे नाव महिन्याला मिळाले त्याच्या जवळपासही चंद्र फिरकत नाही. नक्षत्राची ओळख पटावी म्हणून तेजस्वी तारा निवडला गेला, अंतराची फिकीर कोणी केली नाही.

या ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ एका ओळीत, दोन मंद तारे आहेत. माझी आजी अंगणात बाजेवर पडल्या पडल्या बोट दाखवून सांगे, “पाह्य पोरा, तो मंधातला श्रवण हाये. खांद्यावर कावड. इकडं माय, तिकडं बाप.” पुराणांत हीच तीन पावले विष्णूची, वामनाने टाकलेली. आजीला विष्णू चालत होता, पण तिचा जीव कावडीत होता. आजच्या मोजमापांनी ही कावड मात्र विस्कटली आहे. मधला श्रवण आपल्यापासून १६.७ प्रकाशवर्षे दूर, एका टोकाचा तारा सुमारे ४५ प्रकाशवर्षे, तर दुसऱ्या टोकाचा जवळजवळ ४०० प्रकाशवर्षे. तिघे एका ओळीत दिसतात ते केवळ आपण इथे उभे आहोत म्हणून.

पोळ्याच्या रात्री अमावास्या असल्याने चंद्र नसतो. ढगांनी कृपा केली तर नऊ-दहाच्या सुमारास श्रवण आपल्या जवळजवळ माथ्यावर येतो. आपले अक्षांश साडेएकविसाच्या आसपास आणि ताऱ्याची क्रांती उत्तर नऊ अंशांच्या किंचित आत, तेव्हा माथ्यापासून तेराएक अंश दक्षिणेला. बैलांची पूजा आटोपलेली असते, गाव थकून निजायला लागलेले असते. (दुसऱ्या दिवशी जांब नदीवर काय होते याविषयी मी बोलणार नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.) त्या वेळी आपल्या डोळ्यांत शिरणारा श्रवणाचा प्रकाश तिथून सोळा-सतरा वर्षांपूर्वी निघालेला असतो. समोर अकरावीची मुले बसली आहेत. तुमच्या जन्माच्या आगेमागे निघालेला तो प्रकाश आहे असे समजा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

मार्च १९९९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ने ‘वायर’ नावाचा एक लहान उपग्रह सोडला. दूरच्या दीर्घिकांचा अवरक्त प्रकाशात शोध घेणे हे त्याचे काम होते. त्यासाठी त्याची दुर्बीण गोठलेल्या हायड्रोजनने थंड ठेवलेली होती. उपग्रह कक्षेत पोचताच दुर्बिणीचे झाकण वेळेआधीच उडाले, हायड्रोजनची वाफ होऊन तो निघून गेला आणि दुर्बीण निकामी झाली. उपग्रहाला दिशा कळावी म्हणून त्यावर आणखी एक छोटी दुर्बीण होती, अवघ्या ५२ मिलिमीटर व्यासाची. मुख्य काम बुडाल्यावर काही शास्त्रज्ञांनी ठरवले, की या छोट्या दुर्बिणीने तेजस्वी ताऱ्यांकडे एकटक पाहत राहायचे आणि त्यांच्या प्रकाशाची नोंद करायची. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९९९ मध्ये तिने श्रवणाकडे पाहिले. तिथे हवा नव्हती, म्हणजे गुरुजींची भट्टी नव्हती.

त्या नोंदींचे विश्लेषण २००५ साली प्रसिद्ध झाले. श्रवणाचे तेज बदलत होते. एका लयीत नव्हे, एकाच वेळी सात लयींत. त्यांतली मुख्य लय सुमारे ९१ मिनिटांची, सर्वांत जलद सुमारे ५१ मिनिटांची. तारा फुगत होता, आकसत होता, पुन्हा फुगत होता. रूपविकारी ताऱ्यांच्या ज्या वर्गाला ‘डेल्टा स्कुटी’ म्हणतात त्या वर्गातला हा आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा ठरला. ज्याच्यावरून वर्गाचे नाव पडले तो तारा गरुडाच्या दक्षिणेला ‘ढाल’ नावाच्या लहानशा समूहात आहे. ती ढाल पोलंडच्या राजाची. हेवेलियस या ज्योतिर्विदाने १६८४ साली, म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराजांचे राज्य असताना, ती आकाशात नेऊन टांगली. तिच्यातला हा तारा दर ४ तास ३९ मिनिटांनी स्पंदन पावतो हे विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात होते. या वर्गातील ताऱ्यांचे आवर्तन अर्ध्या तासापासून सात-आठ तासांपर्यंत असते. ताऱ्यांच्या हिशेबात ही फारच घाईची नाडी.

ही बातमी माझ्यापर्यंत पोचायला आणखी दोन वर्षे गेली. गुरुजी तेव्हा हयात नव्हते. वाचून मी केवढा हरखलो म्हणून सांगू! आठवीतल्या मुलाने लिहिलेले वाक्य शब्दशः खरे ठरले होते. एका दिवाळी अंकासाठी मी लगोलग लेख लिहिला. कवीच्या दृष्टीला जे चाळीस वर्षांपूर्वी दिसले ते विज्ञानाला आज दिसले, असा त्याचा सूर होता. ‘श्रवण’ म्हणजे ऐकणे आणि ही स्पंदने म्हणजे ताऱ्याच्या पोटातल्या ध्वनिलहरी, तेव्हा आपल्या पूर्वजांनी नाव देतानाच हे जाणले होते काय, असा प्रश्नही मी त्यात मोठ्या थाटात विचारला होता. लेखाची वाहवा झाली.

मग एक पोस्टकार्ड आले. माझाच एक जुना विद्यार्थी, पुढे भौतिकशास्त्राकडे गेलेला. पत्रात तीनच ओळी होत्या. ‘सर, या ताऱ्याच्या तेजातला फरक हजारात एका भागाहूनही कमी आहे. मानवी डोळ्याला तो कधीही दिसणार नाही. आपण लहानपणी पाहिलीत ती हवाच होती.’

मित्रहो, हजार पणत्यांच्या दीपमाळेतील एक पणती विझली आणि पुन्हा लागली, तर गावातल्या कोणाला ते कळेल? श्रवणाच्या तेजातला बदल त्याहूनही सूक्ष्म आहे. मी पाहिलेली धडधड सेकंदा-अर्ध्या सेकंदाची होती; ताऱ्याची खरी नाडी दीड तासाची. माझे विधान खरे निघाले, पण ज्या आधारावर मी ते केले तो आधार खोटा होता. गुरुजींनी लिहिलेले वाक्य मी पुन्हा काढून वाचले. ‘आजवर तरी नाही.’ १९६३ साली ते वाक्य तंतोतंत बरोबर होते. तारा धडधडत नाही असे ते छातीठोकपणे समासात लिहून गेले खरे, पण शेवटच्या ओळीत दार उघडे ठेवून गेले. लेखात मी त्या दोघांपैकी चुकीच्या माणसाचा सत्कार केला होता.

नावाच्या व्युत्पत्तीचे तर मला विशेष लाजल्यासारखे झाले, कारण तो माझ्याच शास्त्राचा प्रांत. तैत्तिरीय संहितेत या नक्षत्राचे नाव ‘श्रोणा’ असे आहे. ‘श्रवण’ हे रूप नंतरचे. ‘श्रोण’ या शब्दाचा एक अर्थ लंगडा असा होतो. तेव्हा ऐकण्याशी मूळ नावाचा संबंध जोडणे अवघड आहे, ध्वनिलहरींशी तर मुळीच नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा १८९६ सालचा ग्रंथ माझ्या कपाटात होता. दीक्षितही पेशाने शिक्षक. त्यांनी प्रत्येक दाव्यापुढे पुरावा मागितला आहे. तो ग्रंथ उघडून पाहण्याची तसदी मी लेख लिहिताना घेतली नव्हती.

त्यानंतर मी ठरवले, की या ताऱ्याची नाडी खरोखर कशाने चालते ते समजून घ्यायचे. म्हातारपणी विज्ञान शिकणे कठीण असते. गणित मला झेपले नाही. जे समजले ते सांगतो.

तारा म्हणजे वायूचा प्रचंड गोळा. स्वतःचे वजन त्याला आत ओढते, आतला दाब बाहेर ढकलतो. दोन्ही सारखे असले की तारा स्थिर. त्याला जरा धक्का बसला तर तो थोडा वेळ हलेल आणि शांत होईल, जसा नागपंचमीचा झोका एकदा ढकलून सोडून दिला की हळूहळू थांबतो. झोका चालू राहायचा तर दर खेपेला, नेमक्या क्षणी, कोणीतरी ढकलावे लागते. ताऱ्यात हे ढकलणारे कोण?

याचे उत्तर सुचवणारा इंग्रज शास्त्रज्ञ एडिंग्टन. त्याची कल्पना झडपेची आहे. आपण ती भाताच्या पातेल्यावरच्या झाकणावरून समजून घेऊ. आधण खदखदू लागले की वाफ कोंडते, झाकण उचलले जाते, वाफ निसटते, झाकण खाली पडते, वाफ पुन्हा कोंडते. ताऱ्याच्या पोटातून बाहेर निघालेल्या उष्णतेला असे झाकण मिळाले, तर तारा फुगेल-आकसेल. झाकण कशाचे, हे एडिंग्टनला नक्की सांगता आले नाही. ते १९५०च्या दशकात झेवाकिन या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिले. झाकण हेलियमचे.

ताऱ्याच्या पृष्ठभागाखाली एक थर असा असतो, की तिथले तापमान चाळीस-पन्नास हजार अंश असते. हेलियमच्या अणूत दोन इलेक्ट्रॉन. या थरात पहिला आधीच सुटलेला असतो, दुसरा सुटण्याच्या बेतात असतो. तारा आकसला की थर दाबला जातो. एरवी दाबलेला वायू तापून अधिक पारदर्शक होतो. इथे मात्र आलेली उष्णता दुसरा इलेक्ट्रॉन सोडवण्यात खर्च होते आणि थर अधिक अपारदर्शक बनतो. आतून येणारी उष्णता अडते, कोंडते, थराला वर ढकलते. तारा फुगतो. फुगला की थर विरळ होतो, निवतो, इलेक्ट्रॉन परत अणूला चिकटतात, थर पारदर्शक होतो, कोंडलेली उष्णता निघून जाते आणि वरचा भार पुन्हा खाली येतो. झोका ढकलला गेला. श्रवणात हे दिवसाकाठी पंधरा-सोळा वेळा घडते, आणि जलद लयी धरल्या तर अठ्ठावीस वेळांपर्यंत.

हे झाकण योग्य खोलीवर बसावे लागते. तारा फार तप्त असेल तर हा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतो आणि त्याच्यावर पुरेसा भारच उरत नाही. तारा बराच थंड असेल तर वरचे थर उकळीसारखे ढवळले जातात व झडप निकामी होते. म्हणून व्याधात ही झडप चालत नाही आणि आपल्या सूर्यातही चालत नाही. सूर्यही कंप पावतो, त्याची पाच मिनिटांची आंदोलने १९६०च्या सुमारास सापडली, पण ती त्याच्या पृष्ठाखालच्या खळबळीतून उठतात. श्रवणाचे तापमान मधले, सात ते साडेआठ हजार अंश. अशा मधल्या पट्ट्यातच ही जात सापडते.

हेलियमचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर करतो. पण ते पोळ्याशी निगडित आहे. हे मूलद्रव्य पृथ्वीवर सापडण्याआधी सूर्यावर सापडले. १८ ऑगस्ट १८६८ रोजी सकाळी खग्रास सूर्यग्रहण झाले. खग्रासाचा पट्टा कोकणातून पूर्व किनाऱ्यापर्यंत देश ओलांडून गेला होता. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक लावून बसला होता. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतली पिवळी रेषा प्रथम सोडियमची वाटली. ती सोडियमची नव्हे हे पुढे लॉकियरने दाखवले आणि त्या अज्ञात द्रव्याला सूर्यावरून हेलियम नाव मिळाले. पृथ्वीवर ते रॅमझेला १८९५ साली गवसले. आता पंचांग पाहा. १८ ऑगस्ट १८६८ ही तिथी श्रावण अमावास्या होती. म्हणजे तो पोळ्याचा दिवस होता. या भागातही त्या सकाळी सूर्य बराचसा झाकला गेला असणार, आणि आपले पणजोबा-खापरपणजोबा बैल धुवायचे थांबून वर पाहत असतील.

आपल्या मराठी मुलखात अशी समजूत आहे, की लॉकियरने विजयदुर्गाच्या किल्ल्यावरून १८६८चे ते ग्रहण पाहून हेलियम शोधला. मीही हे वर्गात सांगत आलो. वस्तुस्थिती अशी, की १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होता आणि त्याने ती रेषा ग्रहणावाचूनच ऑक्टोबरात तिथून पाहिली. विजयदुर्गला तो आला खरा, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. दोन ग्रहणे लोकांच्या मनात एक झाली. विजयदुर्गाचा मान त्यामुळे कमी होत नाही. पण तीस वर्षांचे अंतर आहे ते आहे. माझ्या दिवाळी अंकातल्या लेखाचीच ही मोठी बहीण, असे मला ते वाचून वाटले.

असो. आता नाडी एवढी जलद का, ते पाहू. पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगरमाळ असते आणि देवळात मोठी घंटा. घुंगरू किणकिणते, घंटा घुमते. लहान वस्तू जलद कंप पावते, मोठी सावकाश. ताऱ्यांचा नियम थोडा वेगळा, पण त्याच अंगाचा आहे. तिथे सरासरी घनता मोजायची. घन तारा जलद स्पंदन पावतो, विरळ तारा संथपणे. आर्द्रा नक्षत्राचा तांबडा तारा इतका फुगलेला व विरळ आहे, की त्याचे मुख्य आवर्तन सुमारे ४०० दिवसांचे. वृषपर्वा समूहातील ज्या ताऱ्यावरून सेफीड हे नाव पडले त्याचे ५ दिवस ९ तासांच्या जवळपास. श्रवण त्या मानाने आटोपशीर. सूर्याच्या सुमारे १.८६ पट वस्तुमान, विषुववृत्तावर सूर्याच्या दुप्पट त्रिज्या, सूर्याच्या दहा-अकरा पट तेज. म्हणून त्याची लय तासा-दीड तासाची. आवर्तन मोजले की घनतेचा अंदाज येतो, हा त्यातला लाभ. वैद्य मनगटावर बोटे ठेवून पोटातले ओळखतो म्हणतात. इथे ते खरोखर घडते.

श्रवणाची नाडी वाचणे मात्र सोपे नाही, कारण हा तारा गिरकी घेतो. सूर्याला स्वतःभोवती फिरायला पंचवीसेक दिवस लागतात. श्रवण आठ-नऊ तासांत फिरतो. त्याच्या विषुववृत्ताचा वेग सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर. पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर धरले तर एका सेकंदात तिथे जाऊन, परत येऊन, पुन्हा तिथे पोचावे इतका. या गिरकीमुळे तो कमरेत फुगला आहे. विषुववृत्ताचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा वीस टक्क्यांहून अधिक. वर-खाली चपटा, मध्ये रुंद. आपल्या बागेतल्या संत्र्याचा आकार डोळ्यांपुढे आणा. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून शास्त्रज्ञांनी २००७ साली त्याचे चित्र प्रसिद्ध केले. सूर्यासारख्या भर वयातल्या दुसऱ्या कोणत्याही ताऱ्याच्या पृष्ठभागाचे त्याआधी चित्र निघाले नव्हते. त्यात ध्रुव अधिक तप्त व उजळ, विषुववृत्त त्या मानाने काळवंडलेले दिसते, कारण तिथला पृष्ठभाग केंद्रापासून दूर गेला आहे.

अशा चपट्या, गरगरणाऱ्या गोळ्यात सात लयी एकत्र चालल्या आहेत. पखवाजाच्या पुडीवर थाप पडली की पुडीचा एक भाग वर आणि दुसरा खाली असे अनेक कंप एकदम उठतात, तसे. कोणती लय कोणत्या कंपाची, हे उकलण्याचे काम अजून चालू आहे. २०२० साली एका गटाने आकार, वेग आणि स्पंदने एकत्र मांडून काढलेला निष्कर्ष असा, की हा तारा अगदी तरुण, सुमारे दहा कोटी वर्षांचा आहे. त्याच्या गाभ्यातील हायड्रोजन अजून फारसा खर्च झालेला नाही. त्याआधी त्याचे वय शंभर कोटी वर्षांच्या पलीकडे धरले जाई. आजीचा श्रवणबाळ खरोखर बाळ निघाला, असे लिहिण्याचा मोह मला झाला होता. पोस्टकार्ड आठवले आणि आवरला. (आता तोंडून निघून गेलेच, तर छापताना गाळू नये.)

हे सारे परदेशांतच चालते असे विद्यार्थ्यांनी समजू नये. नैनीतालच्या १०४ सेंटिमीटर दुर्बिणीने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, दक्षिण आफ्रिकेच्या वेधशाळेच्या सहकार्याने, अशाच जलद स्पंदन पावणाऱ्या ताऱ्यांचा शोध सुरू केला. त्यात डेल्टा स्कुटी जातीची स्पंदने दाखवणारे नवे तारे सापडले आणि एक तारा तर अवघ्या साडेसात मिनिटांच्या लयीचा निघाला. सूर्याच्या कंपनांवरून त्याचे अंतरंग जाणण्याच्या शास्त्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. शशिकुमार चित्रे यांनी आयुष्य वेचले; २०२१ साली ते गेले.

दुर्बीण नसलेल्यांनी काय करावे? गुरुजींना हा प्रश्न विचारला असता तर ते म्हणाले असते, डोळे आहेत ना? श्रवणाची नाडी डोळ्यांना दिसणार नाही, पण त्याच गरुडात, श्रवणाच्या दक्षिणेला आठेक अंशांवर, ‘ईटा’ नावाचा एक मंद तारा आहे. तो सेफीड जातीचा, ७ दिवस ४ तासांच्या लयीचा. सर्वांत उजळ असताना त्याची प्रत ३.५ आणि मंद असताना ४.४. हा बदल नुसत्या डोळ्यांनी कळतो. इंग्लंडमधील यॉर्क शहरात एडवर्ड पिगॉटने सप्टेंबर १७८४ मध्ये तो प्रथम टिपला. त्याचा शेजारी आणि मित्र जॉन गुडरिक याने थोड्याच दिवसांत वृषपर्व्यातील तारा टिपला. गुडरिक जन्मतः नव्हे तरी बालपणापासून बहिरा होता, आणि १७८६ साली मेला तेव्हा त्याला बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. आपल्याकडे जेसोरच्या खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी, प्रवेशपरीक्षेत वारंवार नापास होऊनही, रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी अमेरिकेतील संघटनेला पाठवल्या. त्यांनीच जून १९१८ मध्ये याच गरुडात अकस्मात उजळलेला नवतारा स्वतंत्रपणे पाहिला होता.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आकाश निवळल्यावर मी अकरा रात्री ईटाची नोंद केली. त्यांतल्या दोन रात्री मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने आणि न झालेल्या डोळ्याने वेगवेगळे आकडे आले. ते मी खोडले नाहीत, दोन्ही लिहून ठेवले. कावडीतल्या मंद ताऱ्याची प्रत ३.७ आहे. ईटा त्याच्याहून उजळ, बरोबरीचा की मंद, एवढेच ठरवायचे. तो दोनेक दिवसांत चढतो आणि पाचेक दिवस उतरत राहतो. अकरा नोंदींवरून मला आवर्तन मिळाले ते सव्वासात दिवसांचे. खरा आकडा ७.१८. वही मी शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्यासाठी आणली आहे. शेजारी १९६३ची निबंधाची वहीही आहे, तांबड्या रेघेसकट.

पोळा पाच दिवसांवर आला आहे. मुख्याध्यापकांना मी विनंती केली आहे, की त्या रात्री नऊ वाजता गच्चीचे कुलूप काढावे आणि पटांगणातले दिवे तासभर मालवावेत. ढग असतील तर दुसरा दिवस, नाहीतर तिसरा. ज्यांना यायचे आहे त्यांनी पेन्सिल आणि वही आणावी. बॅटरीला तांबडा कागद लावावा, म्हणजे डोळ्यांना अंधाराची झालेली सवय मोडत नाही.